पाडू नका, उतरवा: पुनर्विकासाला निघालेल्या चाळींच्या समित्यांना खुले पत्र

प्रति,
मुंबईतल्या पुनर्विकासाला निघालेल्या चाळींच्या, वाड्यांच्या आणि जुन्या इमारतींच्या समित्यांचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि सर्व रहिवासी,

स. न. वि. वि.

मी सुतार आहे. वडील सुतार होते. आजोबा राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत नांगर, दारं आणि पाळणे करायचे. माझा जन्म गिरगावातल्या एका तीनमजली चाळीत झाला आणि गेल्या पावसाळ्याआधी ती चाळ पाडली. हे पत्र त्या पाडण्याबद्दल आहे. पुनर्विकासाला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. कारण चाळीच्या आठवणी काढणारं कुणी उभं राहिलं की समितीतले लोक वैतागतात, आणि त्यांचं वैतागणं रास्त असतं. माझी आई पन्नास वर्षं सामाईक संडासाच्या रांगेत बादली घेऊन उभी राहिली. सत्तरी ओलांडल्यावर कठडा धरून, दर मजल्यावर थांबत वर चढायची. तिला लिफ्ट हवी होती, घरात संडास हवा होता, आणि ते मिळायलाच हवं होतं.

माझं म्हणणं असं की चाळ जाणार हे ठरलं, तरी ती पाडायची का उतरवायची हे ठरवणं तुमच्या हातात आहे.

आमच्या चाळीचा मधला जिना सागवानी होता. मी शाळेत असताना त्याच्या सहा पायऱ्या वडिलांनी बदलल्या. काम रात्री करायचे, कारण दिवसा जिना बंद ठेवणं शक्यच नव्हतं. मी लांब वायरीला लावलेला दिवा धरून बसायचो. जुनी पायरी मधोमध पावलांनी झिजून पळीसारखी खोल झाली होती. वडिलांनी ती फेकली नाही, उलटी करून तिचाच आमच्या घरात पाट केला. घरं रिकामी झाली त्या आठवड्यात मी पाडकामाच्या कंत्राटदाराच्या माणसाला भेटलो. म्हटलं, हा जिना मला द्या, जो काय दर असेल तो लावा, माझी माणसं आणून दोन दिवसांत सोडवून नेतो. तो म्हणाला, उद्या या. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला पोचलो तेव्हा पोकलेनचा पंजा दुसऱ्या मजल्यातून आत गेलेला होता. जिन्याच्या चिरफाळ्या होऊन त्या विटा-मातीबरोबर डंपरमध्ये चालल्या होत्या. हाती लागली ती एक पायरी, तीही अर्धी. ती माझ्या कारखान्यात भिंतीला टेकवून ठेवली आहे.

आमच्या समितीने करारात जुन्या मालाबद्दल एक ओळसुद्धा घातली नव्हती. समितीला दोष देऊन मी सुटू शकत नाही. त्या सभांना मीही बसत होतो. कार्पेट एरिया, विकासकाकडून मिळणारा कॉर्पस निधी, भाडं, पार्किंग यांवर तासन्‌तास बोललो, आणि जन्मभर लाकडात काम करूनही मला ते सुचलं नाही. तुमच्या सभा अजून चालू आहेत, म्हणून लिहितो आहे.

बाहेरून पाहणाऱ्याला चाळ म्हणजे भिंती, गॅलऱ्या आणि वाळत घातलेले कपडे. आतून ती लाकडाचा सांगाडा असते. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या, फळ्यांवर कोबा किंवा शहाबादी फरशी. भार हा सांगाडा घेतो, मधल्या भिंती म्हणजे बहुतेक ठिकाणी नुसती विटांची भर. जुन्या गवंड्या-सुतारांनी हे जोडताना कुसू, म्हणजे लाकडाच्या टोकाची जीभ, काढून खाचेत बसवली, लाकडाची खुंटी मारली, जिथे लोखंड लागलंच तिथे पट्टी आणि बोल्ट. खाचेत बसवलेली वस्तू खाचेतून निघतेही. ज्या क्रमाने चढवली त्याच्या उलट क्रमाने ती खाली घेता येते.

हे काम मी तीन इमारतींवर केलं आहे, त्यामुळे ऐकीव सांगत नाही. आधी कौलं. मंगलोरी कौल पाठीमागच्या नाकाने रिपेला अडकलेलं असतं, बहुतेक ठिकाणी खिळाही नसतो. दोन माणसं वर, बाकीची जिन्यावर साखळी करून, हातोहात खाली. कौल उलटं केलं की त्यावर कारखान्याचं नाव उठवलेलं दिसतं. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि नंतर तिथे अशा कारखान्यांची रांगच लागली. तिथून गलबतांनी मुंबईला आलेलं कौल शंभर पावसाळे काढून आजही बोटाने वाजवलं तर खणखणतं. मग रिपा, वासे, आढं. जुना खिळा ओढून काढायचा नसतो, गंजलेला असतो, लाकूड चिरतो. त्याचं डोकं छाटायचं आणि पंच मारून पलीकडून काढायचा. मग वरच्या मजल्याच्या फळ्या, कड्या, तुळया, सगळ्यात शेवटी खांब. प्रत्येक तुकड्यावर खडूने नंबर. आठ माणसांना एका मध्यम चाळीला महिनाभर लागतो. पोकलेन चार दिवसांत उरकतं.

या महिनाभरात काय हाती येतं ते सांगतो. मुंबईच्या जुन्या इमारतींत ब्रह्मदेशातून आलेलं सागवान भरपूर आहे. दहा इंची चौकोनी खांब, पंधरा-अठरा फूट लांब तुळया, सरळ रेषांचं, बारीक वाढीचं लाकूड. ती झाडं लावलेली नव्हती, जंगलात सावकाश वाढलेली होती. म्यानमारने एप्रिल २०१४पासून ओंडक्यांची निर्यातच बंद केली. आज बाजारात सागवान म्हणून जे मिळतं त्यातलं पुष्कळसं लागवडीतलं, कोवळं, पांढऱ्या भागाचं असतं. माझ्या हाताखालच्या पोरांना जुन्या तुळईवर रंधा मारायला दिला की ती थांबून वास घेतात. शंभर वर्षांनंतरही पहिल्या सालीखाली तेलाचा वास येतो.

इथे कुणीतरी म्हणेल, अहो, लाकूड कुजलेलं असतं, म्हणून तर इमारती पडतात. हे मी टाळणार नाही. ऑगस्ट २०१७मध्ये भेंडीबाजारात हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसं गेली. दोनच वर्षांनी, जुलै २०१९मध्ये, डोंगरीत पुन्हा तसंच घडलं. ज्यांच्या डोक्यावर तुळई खचते आहे त्यांना कलाकुसर शिकवण्याइतका मी निर्दय नाही. धोकादायक इमारत आधी रिकामी झाली पाहिजे. पण लाकूड कुठे कुजतं ते सुताराला विचारा. तुळईचं टोक भिंतीत जिथे घुसतं आणि त्या भिंतीच्या पलीकडे मोरी किंवा संडास असतो, तिथे पाणी मुरतं आणि टोक कुजतं. टोकापासून दीड-दोन फूट गेलं असतं, मधलं बारा फूट टणक असतं. पटाशी ठोकून पाहिलं की आवाजावरून कळतं. आणि हे पाणी मुरायला सुतार किंवा लाकूड जबाबदार नाही. १९४७च्या कायद्याने भाडी गोठली, मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला वाटे ते काम मालकाचं. शेवटी सरकारला १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा करून उपकर लावावा लागला. तेव्हा बेट शहरात, म्हणजे उपनगरं सोडून मूळ मुंबईत, उपकर लागणाऱ्या १९,६४२ इमारती मोजल्या होत्या. त्यातल्या किती टेकूंवर उभ्या राहिल्या हे गिरगाव, काळबादेवी, माझगावात राहणाऱ्याला सांगायला नको.

अर्थात सगळंच लाकूड डंपरमध्ये जातं असं नाही. पाडकामवाल्यांना सागवानाची किंमत पक्की ठाऊक असते. जुन्या लाकडाच्या भरवशावरच ते कामाचा भाव ठरवतात. चांगल्या तुळया जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या बाजारात जातात, मी स्वतः तिथून माल उचलतो. पण घाईत ओढून काढलेल्या तुळईचे सांधे तुटलेले असतात, खांब ट्रकच्या मापाने कापलेला असतो. अठरा फुटी तुळईचे सहा-सहा फुटांचे तीन तुकडे झाले की तिचं टेबल होतं, पुन्हा तुळई कधीच होत नाही. आणि त्या टेबलाचे पैसे ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी त्या तुळईखाली संसार केले त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. लाकडाचं निदान एवढं तरी होतं. कौलं, फरश्या, बिडाचे कठडे, जिन्याखालचे घडीव दगड यांना वाली नाही. शहाबादी फरशी वरून झिजली तर पालथी घालून, घासून पुन्हा वापरता येते, माझ्या कारखान्यात तशीच आहे. दादर-माटुंग्याच्या, गिरगावातल्या बऱ्या इमारतींत नक्षीच्या सिमेंटच्या फरश्या असतात. स्वदेशीच्या भरात १९२२ साली मुंबईत भारत टाइल्स सुरू झाली ती अशा फरश्यांसाठी. कारागीर साच्याच्या खणाखणात हाताने रंग ओततो, वरून दाब देतात आणि फरशी पाण्यात मुरवतात. भट्टी लागत नाही. एका फरशीत चार रंग असतील तर ते चारदा हाताने ओतलेले असतात. पोकलेन फिरलं की त्याची खडी होते.

आता चुन्याबद्दल. ज्यांची इमारत इतक्यात पुनर्विकासाला जाणार नाही, पण दुरुस्ती निघाली आहे, त्यांच्यासाठी हा भाग महत्त्वाचा आहे.

जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. पावसाळ्यात दमट होते, ऑक्टोबरच्या उन्हात वाळते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा मारला की आतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते. मग पाणी आतच राहतं, क्षार फुलतात, विटेचं पीठ होतं, आणि त्या भिंतीत घुसलेलं तुळईचं टोक बाराही महिने ओलं राहतं. दोन-तीन वर्षांत गिलाव्याचे पोपडे सुटतात, समिती पुन्हा पैसे गोळा करते आणि पुन्हा सिमेंटच मारते. ज्या दुरुस्तीने इमारत वाचायची तिनेच ती आतून कुजवली, असं मी इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की आता दुरुस्तीच्या यादीत सिमेंट प्लास्टर वाचलं की मी आधी विचारतो, खालची भिंत कशात बांधली आहे?

चुन्याचं काम सावकाश चालतं. कळीचा चुना पाण्यात विरवायचा, दिवसेंदिवस मुरू द्यायचा, वाळू किंवा विटेची सुरखी घालून चुन्याच्या घाण्यावर मळायचा. जुने गवंडी त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा चीक घालत. कोकणात शिंपले भाजून चुना करत. थापीने बसवलेला गिलावा हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू दगड होतो. चुनखडी साधारण ९०० अंशांवर भाजते, सिमेंटच्या भट्टीला १,४५० अंशांच्या आसपास जावं लागतं. जगभर हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे. चुनाही धूर करतोच, भट्टीला इंधन लागतंच, पण भाजताना दगडातून निघालेला वायू तो घट्ट होताना बराचसा परत घेतो. लाकडाचं तर उलटंच आहे. कोरड्या लाकडाचं निम्मं वजन कार्बनचं असतं, झाडाने हवेतून ओढलेल्या. ती तुळई वापरात राहिली तोवर तो कार्बन तिच्यात बंद. जाळली की हवेत. आणि आपल्या पाडकामातलं किरकोळ लाकूड आजवर कुठे जात आलं? बेकऱ्यांच्या भट्ट्यांत, हे मुंबईत कुणाला ठाऊक नाही?

हे शहर हातांनी बांधलं आहे आणि त्याची आठवण आपण रोज तोंडाने घेतो. चुनाभट्टी स्टेशनाला हे नाव चुन्याच्या भट्ट्यांनी दिलं. सुतार चाळ, लोहार चाळ, कुंभारवाडा. कामाठीपुऱ्याचं नाव तेलंगणातून आलेल्या, शहराचे रस्ते आणि इमारती उभारणाऱ्या कामाठ्यांवरून पडलं. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं बांधलं जात होतं. आराखडा इंग्रज वास्तुकार स्टीव्हन्स यांचा, पण त्यांच्या हाताखाली सीताराम खंडेराव वैद्य हे मराठी अभियंते होते, आणि दगडातली पानं, पक्षी, प्राणी कोरण्यात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचे हात होते. गाडीची वाट बघताना मी अजून मान वर करून बघतो. एकही पान दुसऱ्यासारखं नाही.

मोठ्या इमारतींचं जतन होतं, आणि ते चांगलंच आहे. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या जीर्णोद्धाराला २००५ साली युनेस्कोचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, भायखळा स्थानकाच्या कामालाही पुढे युनेस्कोचा एक पुरस्कार मिळाला. ती कामं करणाऱ्यांनी चुना, सागवान, रंगीत काच या सगळ्यांचे कारागीर शोधून काढले, काही ठिकाणी नव्याने तयार केले. आपल्या चाळीला कुणी पुरस्कार देणार नाही. पण ते कारागीर आपल्याच चाळींत राहत होते, आणि तीच तुळई, तोच चुना आपल्या डोक्यावर होता.

हातकाम म्हणजे श्रीमंतांची हौस, असं समितीत कुणी म्हणालं तर त्यात तथ्य आहे. वास्तुकार बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबई या संस्थेने अलिबागच्या बाजूला सुतार-गवंड्यांना वास्तुकारांच्या बरोबरीने बसवून घरं बांधली. तिथले सुतार स्वतःच्या वहीत आराखडे काढायचे. २०१०मध्ये त्यांचं काम व्हेनिसच्या वास्तुकला प्रदर्शनात मांडलं गेलं. आमच्या धंद्यातल्या माणसाला याचा अभिमान वाटतो. तरी ती घरं बहुतेक पैसेवाल्यांची, हे खरं. म्हणून मी तुम्हाला दुसरी नावं सांगेन. लॉरी बेकर नावाचा इंग्रज वास्तुकार १९४०च्या दशकात बोटीची वाट बघत मुंबईत थांबला होता, तेव्हा त्याची गांधीजींशी भेट झाली. घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या सामानातून बांधावं हा गांधीजींचा विचार त्याने पुढे केरळात आयुष्यभर पाळला. पाडलेल्या घरांची दारं, खिडक्या, कौलं तो शोधून आणायचा आणि गरिबांची घरं बांधायचा. वीट कडेवर उभी रचून मध्ये पोकळी ठेवायची, विटा सुमारे पाव हिश्शाने वाचतात आणि घर गार राहतं, ही त्याची आवडती रीत. आणि आपल्या खाडीपलीकडे, बेलापूरला, वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी साधी घरं आखली. गवंड्यांना सहज बांधता येतील अशी, प्रत्येकाचं अंगण स्वतःचं, भिंत शेजाऱ्याला न चिकटलेली, म्हणजे पुढे ज्याला जसं जमेल तसं वाढवता यावं. चीनमध्ये निंगबो शहराचं संग्रहालय २००८ साली उभं राहिलं, त्याच्या भिंतींत पाडलेल्या गावांची कौलं आणि विटा थरांनी रचल्या आहेत. ते करणाऱ्या वांग शू यांना २०१२मध्ये वास्तुकलेतला प्रित्झकर पुरस्कार मिळाला.

तर तुम्ही करायचं काय?

विकासकाशी करार होण्याआधी एक दिवस काढा. एक अनुभवी सुतार आणि एक गवंडी बोलवा, स्ट्रक्चरल ऑडिट करणाऱ्या अभियंत्याला बरोबर घ्या आणि तळापासून माळ्यापर्यंत फिरा. किती खांब, किती तुळया, लांबी-रुंदी किती, कुठलं टोक गेलेलं, कौलं किती, फरशी किती, घडीव दगड कुठे, याची यादी करा, फोटो काढा. बीडीडीसारख्या १९२०च्या दशकातल्या काँक्रीटच्या चाळींत फारसं काही निघणार नाही, दारं-खिडक्यांपुरतंच. पण लाकडी सांगाड्याच्या चाळीत यादी पाहून तुम्हीच चकित व्हाल.

मग करारात असा मजकूर घाला: "इमारत पूर्णपणे रिकामी झाल्यानंतर आणि यंत्राने पाडकाम सुरू होण्यापूर्वी, सोबतच्या यादीतील लाकूड, कौले, फरशी, दगड, दारे-खिडक्या, जिने व कठडे हाताने सुटे करून उतरवले जातील. या मालापैकी नव्या इमारतीत वापरायचा माल निवडण्याचा पहिला हक्क रहिवाशांच्या संस्थेचा राहील व उरलेल्या मालाच्या विक्रीचा हिशेब संस्थेला दिला जाईल." वकिलाकडून शब्द पक्के करून घ्या. भाडेकरूंच्या चाळीत माल कायद्याने मालकाचा असतो हे विसरू नका, त्यामुळे मालक, विकासक आणि भाडेकरू या तिघांच्या संमतीने हे कलम आलं पाहिजे. पैशांपायी मालक आडून बसला तर विक्रीचा वाटा त्याला द्या, पण हाताने उतरवण्यावर ठाम राहा.

विकासक म्हणेल, वेळ जातो. त्याला विचारा, इमारत रिकामी झाल्यापासून पाया खणेपर्यंत परवानग्यांत किती दिवस जाणार आहेत. कित्येक ठिकाणी पत्रे ठोकून जागा महिनोन्‌महिने पडून असते. तो म्हणेल, खर्च वाढतो. माणसांची मजुरी वाढते हे खरं, पण अखंड तुळईचा भाव तुकड्यांच्या भावापेक्षा जास्त मिळतो, आणि डेब्रिज वाहण्याचा खर्च कमी होतो. शिवाय केंद्राच्या २०१६च्या नियमांनीच दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांहून जास्त राडारोडा काढणाऱ्याला काँक्रीट, माती, विटा आणि लाकूड-लोखंड-प्लास्टिक वेगवेगळं करायला सांगितलं होतं. म्हणजे वेगळं करणं काही नवं नाही. मग फोडून वेगळं करण्यापेक्षा सोडवून वेगळं करा.

नव्या इमारतीत या मालाचं काय करायचं, हेही लोक विचारतात. तीस मजली टॉवरला लाकडी खांब लावा असं मी म्हणत नाही, आगीचे नियम आहेत आणि ते असायलाच हवेत. पण तळमजल्यावरचं मुख्य दार जुन्या तुळईतून करता येतं. सोसायटीचं ऑफिस, लॉबीतली बाकं, पोरांच्या अभ्यासिकेची टेबलं आणि मांडण्या, देवळाचा गाभारा. अंगणात शहाबादी, भिंतीला घडीव दगड. आणि वास्तुकाराला दोन प्रश्न नक्की विचारा. पहिला, खिडकीवर पावसाला अडवणारा छज्जा आहे का? दुसरा, खिडकी सरकती आहे की उघडती? सरकत्या खिडकीचा अर्धा भाग नेहमी बंदच राहतो. आमच्या चाळीच्या खिडकीला खाली झडप, वर झिलमिली, म्हणजे तिरक्या लाकडी पट्ट्या, होती. भर पावसात खिडकी लावून घेतली तरी हवा चालू राहायची, आणि समोरच्या गॅलरीच्या दारातून आरपार जायची. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात जण झोपायचो ते त्या झिलमिलीच्या जिवावर. नव्या घरात एसीचं बिल भरताना आई एकदा म्हणाली, "खिडकीचा वारा कुठे गेला रे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मला सगळ्यात जास्त काळजी माणसांची आहे. लाकूड निदान पडून राहू शकतं, हाताची विद्या पडून राहत नाही. माझ्याबरोबर शिकलेल्या अकरा जणांपैकी आज तिघे करवत धरतात. बाकीचे वॉचमन, रिक्षाचालक, दोघे मॉड्युलर किचन बसवतात. चुन्याचा गिलावा सुरेख करणारे एक गवंडीकाका डिलाईल रोडला राहायचे. त्यांच्या थापीखालची भिंत हाताला लोण्यासारखी लागायची. ते गेले तेव्हा त्यांच्या मुलाने मला थापी, ओळंबा आणि गुण्या आणून दिला, म्हणाला, आमच्या घरात आता याला जागा नाही. सप्टेंबर २०२३पासून केंद्राची विश्वकर्मा योजना आहे. १८ धंद्यांच्या यादीत सुतारही आहे, राजमिस्त्रीही आहे. प्रशिक्षण मिळतं, अवजारांसाठी १५,००० रुपये मिळतात, कमी व्याजाने कर्ज मिळतं. चांगली योजना आहे, माझ्या दोन पोरांनी अर्ज केला. पण नवी अवजारं घेऊन त्यांनी जायचं कुठे? काम सरकार देणार नाही, काम तुमच्याकडे आहे. तुमची एक इमारत उतरवायला महिनाभर आठ माणसं लागतात, आणि त्यातली चार नवशिकी असली तरी चालतात. शंभर वर्षांपूर्वीच्या सुताराने सांधा कसा केला हे कुठल्याही वर्गात शिकवून कळत नाही. तो सांधा स्वतःच्या हाताने सोडवला की कळतो. मी सांधे असेच शिकलो, वडिलांनी सोडवलेले परत जोडत.

आर्किटेक्चरच्या कॉलेजांतली मुलं माझ्या कारखान्यात येतात, हुशार असतात, संगणकावर सांध्याचं चित्र माझ्यापेक्षा छान काढतात. त्यांच्या शिक्षकांनाही या पत्रातून हात जोडतो. तुमच्या भागात चाळ उतरत असेल तर मुलांना आठवडाभर तिथे पाठवा. समितीला यादी करायला, मापं घ्यायला, नंबर टाकायला शिकलेले हात मिळतील आणि मुलांना लाकडाचं वजन खांद्यावर कळेल.

माझ्याकडून काय होईल ते सांगतो. मी आता विरारला राहतो, पण रविवारी कारखाना बंद असतो. ज्या समितीला आपल्या इमारतीची पाहणी करून हवी असेल तिथे मी येईन, पैसे घेणार नाही. पटाशी, हातोडी, मोजपट्टी आणि टॉर्च माझी. तुम्ही दोन गोष्टी करा. माळ्याची चावी कुणाकडे आहे ते आधी शोधून ठेवा, दर वेळी तासभर त्यातच जातो. आणि चाळीतलं सगळ्यात जुनं माणूस, आजी असोत की आजोबा, त्यांना त्या दिवशी घरी थांबायला सांगा. कुठल्या वर्षी कुठली तुळई बदलली आणि पाणी पहिल्यांदा कुठून गळलं, हे त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नसतं.

आपला,
गिरगावातला एक सुतार